पेन्सिलीनं टाकलेल्या तारखा

आमच्या घरी अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी आहे, एचएमव्हीनं १९६० साली काढलेली. तिच्या कव्हराच्या आतल्या बाजूला, जिथं सहसा कोणाची नजर जात नाही तिथं, नानाकाकांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं केलेल्या तीन नोंदी आहेत. पहिली १९६२ची. मारवा संपता संपत नाही, गवई स्वतःशीच बोलतो आहे, आपल्याला कोणी बोलावलेलं नाही असं वाटत राहतं. दुसरी फेब्रुवारी १९७४ची, एका ओळीची: संध्याकाळी दिवा न लावता ऐकली, नंतर बराच वेळ उठवेना. तिसरी १९९१ची. तिच्यात काका लिहितात की या रेकॉर्डनं मारव्याचं वाटोळं केलं, कारण आता दुसऱ्या कोणाचाही मारवा ऐकला की तो घाईत आहे असं वाटतं.

रेकॉर्ड तीच, खाचा त्याच, पहिली वीस वर्षं तर ती वाजवणारं यंत्रही तेच होतं. मत मात्र असं फिरलं आहे की नोंदी तीन वेगळ्या माणसांच्या वाटाव्यात. शनिवार पेठेत, मेहुणपुऱ्यातल्या आमच्या वाड्याच्या माडीवर अशा रेकॉर्डच्या दोन पेट्या होत्या. काका गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या. एकेक कव्हर उजेडासमोर धरून मी नोंदी वहीत उतरवून घेतल्या आणि त्या वहीचं हळूहळू हे पुस्तक झालं. यात एकतीस ध्वनिमुद्रिकांवर लेख आहेत. प्रत्येक लेखात ती मुद्रिका निघाली तेव्हा तिच्याबद्दल काय बोललं गेलं, पुढे ते कसं पालटलं, काकांना कधी काय वाटलं आणि आज मला काय वाटतं, हे सांगायचा प्रयत्न आहे. लेख सुटे वाचता येतील. त्यांच्यामागे जो एक विचार आहे तो मात्र इथंच मांडून ठेवतो.

तारीख टाकायची सवय काकांना पानशेतच्या पुरानं लावली. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. आमच्या तळमजल्यावर एका लाकडी कपाटात आजोबांनी जमवलेल्या लाखेच्या तबकड्या होत्या. पाणी ओसरल्यावर काही तुकड्यांत सापडल्या. काही अखंड निघाल्या, पण त्यांची लेबलं गळून गेली होती. चिखल धुवायचा, तबकडी सावलीत वाळवायची, लावून बघायची आणि आवाजावरून गाणारा ओळखायचा, असे दोन महिने गेले. घरातली मोठी माणसं त्याच आवाजांवर वाढलेली, तरी वाद झाले. ज्या गायिकेला आजोबा आयुष्यभर मोठी मानत आले, तिचीच एक तबकडी लेबलाशिवाय ऐकताना त्यांनी ‘कोणीतरी शिकाऊ दिसते’ म्हणून बाजूला ठेवली. जोडीच्या दुसऱ्या तबकडीवरून नाव पटलं तेव्हा ते दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

काकांच्या मनात हे रुतलं. पण सवय लागली ती दुसऱ्या, त्याहून साध्या गोष्टीमुळे. वाहून गेलेल्या तबकड्यांची यादी करताना प्रत्येकीपुढे, ती आपल्याला कशी वाटायची हे लिहायला त्यांनी घेतलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ते आठवतच नाही. आज जे वाटतं तेच आठवणीचे कपडे घालून पुढे येतं. नवं मत जुन्याला पुसून त्याच्या जागेवर बसतं, आणि आपण पहिल्यापासून इथंच होतो असं सांगतं. म्हणून पेन्सिल, म्हणून तारीख. काकांनी आधीची नोंद कधी खोडली नाही, तिच्याखाली नवी लिहिली.

मत बदललं की आपल्याकडे त्याची दोनच कारणं सांगतात. तेव्हाच्या लोकांना कळलं नव्हतं, किंवा आताच्या लोकांना कळत नाही. पेठेतल्या कोणत्याही कट्ट्यावर संगीताचा विषय काढा, दहा मिनिटांत यांतलं एक ऐकू येईल. नोंदी उतरवताना मला तिसरं कारण दिसत गेलं. रेकॉर्ड आपण कधीच एकटी ऐकत नाही. ऐकताना मनात ती कशाच्या तरी शेजारी ठेवलेली असते. कधी परवाच ऐकलेल्या बैठकीच्या शेजारी, कधी गुरूच्या गाण्याच्या, कधी दुसऱ्या रेकॉर्डच्या. रेकॉर्ड जागची हलत नाही, शेजारचं बदलतं. जुनं मत वाचताना म्हणून मी आधी हे शोधतो की लिहिणाऱ्यानं ती मुद्रिका कशाशेजारी ठेवली होती. ते सापडलं की बहुतेक वेळा मत चूक वाटेनासं होतं.

सुरुवातीच्या तबकड्यांचंच बघा. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान गायल्या आणि आपल्याकडे गाणं तबकडीवर चढू लागलं. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. रात्र-रात्र चालणाऱ्या बैठकींतून उठून आलेल्या माणसाला ती तबकडी म्हणजे फुलाचा देठ हातात ठेवल्यासारखी वाटली तर नवल नाही. अब्दुल करीम खाँनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. या शहरात त्यांना समोर बसून ऐकणारे लोक होते. अशा श्रोत्याच्या लेखी त्यांच्या तबकड्या म्हणजे ओळख पटवण्यापुरती खूण. केशवराव भोळे यांच्यासारखा समीक्षक ‘एकलव्य’ या नावानं गवयांवर लिहीत होता, तेव्हा त्याच्यासमोर बैठक आणि नाटकगृह होतं. तिथं जे घडलं त्याचा हिशेब तो मांडत होता.

पण धारवाडकडच्या एका मुलानं दुकानात वाजणारी खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली आणि असं गायला शिकायचं म्हणून पुढे घर सोडलं. भीमसेन जोशींची ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. ती आपण ध्यासाची गोष्ट म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. मला तिच्यात आणखी एक दिसतं. त्या मुलाच्या मनात तबकडीशेजारी ठेवायला खाँसाहेबांची बैठक नव्हती. पुण्यातल्या जाणत्याला जी तीन मिनिटं अपुरी वाटत होती, तीच त्या मुलाला पुरून उरली. १९३७ साली खाँसाहेब गेले. त्यानंतर त्यांना समोर ऐकलेली माणसं एकेक करून कमी होत गेली, आणि तबकडीचं मोल वर्षागणिक चढत गेलं. अपुरेपणाची तक्रार करणारेच उरले नाहीत.

पुन्हा मारव्याकडे येतो. काकांची पहिली नोंद १९६२ची का आहे आणि ती तशी का आहे, याचा उलगडा त्यांच्या पुस्तकांच्या फळीवर झाला. वामनराव देशपांडे यांचं ‘घरंदाज गायकी’ १९६१ साली निघालं. काकांची प्रत रेघांनी भरलेली आहे. वामनरावांनी घराण्यांकडे स्वर आणि लय या दोन टोकांमधून पाहिलं. एका टोकाला स्वरात रमणारं किराणा, दुसऱ्या टोकाला लयीशी झुंजणारं आग्रा, आणि दोन्हींचा तोल साधलेलं म्हणून जयपूर. आवडीनिवडीच्या गप्पांना त्यांनी विचाराची शिस्त लावली. मी ते पुस्तक आजही फार मोठं मानतो. आमच्या काकांसारख्या शेकडो श्रोत्यांना त्यानं बोलायला भाषा दिली. पण भाषा हातात आली की माणूस तिनंच मोजायला लागतो. अमीर खाँ झुमरा तालात, इतक्या सावकाश लयीत गातात की दोन मात्रांमधलं अंतर एखाद्या मोकळ्या खोलीसारखं वाटतं. स्वर आणि लय यांच्या तोलाची कसोटी नुकतीच शिकलेल्या काकांनी त्या खोलीत पाऊल टाकलं आणि त्यांना ती रिकामी वाटली. त्यांनी मारवा वामनरावांच्या जयपूरशेजारी ठेवला होता.

पुढच्या तीस वर्षांत त्या लयीत गाणाऱ्यांची एक पिढीच उभी राहिली. अतिविलंबित ही एकट्या अमीर खाँची वाट राहिली नाही, तो हमरस्ता झाला. १९९१च्या नोंदीत काका दुसऱ्यांचे मारवे या रेकॉर्डशेजारी ठेवत आहेत. मोजायची वस्तू होती ती आता माप झाली. समीक्षेत याहून मोठी उलथापालथ मला माहीत नाही, आणि ती कोणी लेख लिहून घडवून आणली नाही. शिकणाऱ्यांनी रेकॉर्ड पुन्हापुन्हा लावून, थांबवून, मागे नेऊन ती घडवली.

मधली, १९७४ची नोंद मी मुद्दाम बाजूला ठेवली होती. अमीर खाँसाहेब १३ फेब्रुवारी १९७४ला कलकत्त्यात मोटार अपघातात गेले. काकांनी दिवा न लावता रेकॉर्ड ऐकली ती त्याच आठवड्यात. माणूस गेला की कान मऊ होतात. अशा वेळी लिहिलेलं मत खोटं असतं असं मी म्हणणार नाही. ऐकणाऱ्यानं त्या संध्याकाळी जे ऐकलं ते खरंच ऐकलं. पण वर्तमानपत्रांतले मृत्युलेख पुढच्या काळासाठी शेवटचा शब्द होऊन बसतात, आणि चालू वादांना तिथं एकाएकी पूर्णविराम मिळतो. मे २०२२मध्ये शिवकुमार शर्मा गेले त्या रात्री मीही एका कव्हरावर चार ओळी लिहिल्या. त्या या पुस्तकात घेतलेल्या नाहीत. दहा वर्षांनी पुन्हा ऐकून मगच त्यांच्याकडे बघेन.

किशोरीताई आमोणकरांच्या भूपावरचा लेख पुस्तकात सर्वांत लांब झाला आहे, आणि त्याला कारण रमणबागेतली एक संध्याकाळ. शनिवार आणि नारायण पेठेच्या शिवेवरच्या रमणबाग शाळेच्या पटांगणावर सवाई गंधर्व महोत्सव अनेक वर्षं होत असे. १९५३ साली भीमसेनांनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा उत्सव २०१८ साली मुकुंदनगरला गेला, त्याला आता काही वर्षं झाली. तरी डिसेंबरात त्या रस्त्यानं जाताना माझे पाय आपसूक मंदावतात. तर तिथं एकदा एका गायिकेनं भूप घेतला होता. चांगला घेतला होता. माझ्या मागे बसलेला विशीतला मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, ठीक आहे, पण रेकॉर्डची सर नाही. पुढच्या सतरंजीवरचे एक आजोबा वळले आणि शांतपणे म्हणाले, बाळा, रेकॉर्डमध्ये काय आहे, बाईंना बैठकीत ऐकायला हवं होतंस. दोघांच्या मनात किशोरीताईच होत्या. मुलगा समोरचं गाणं रेकॉर्डशेजारी ठेवत होता आणि आजोबा रेकॉर्ड बैठकीशेजारी. मी दोघांच्या मधे बसलो होतो, वयानंही मधलाच.

ती रेकॉर्ड सत्तरच्या दशकातली. एका बाजूला बागेश्री, दुसऱ्या बाजूला भूप. ‘सहेला रे’ ही त्यांची स्वतःची बंदिश त्या भूपामुळे घराघरात पोहोचली. आज भूप शिकणाऱ्या मुलीच्या कानावर बहुधा हाच पहिला मोठा भूप पडतो. पण काकांची १९७३ची नोंद कोरडी आहे: मोगूबाईंची मुलगी, पण हे जयपूर नव्हे. तेव्हा असं म्हणणारे एकटे काका नव्हते. मोगूबाई कुर्डीकर प्रत्यक्ष अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. त्या गायकीत लयीच्या प्रत्येक आवर्तनाला बांधून घेतलेली, एकात एक गुंफलेली स्वरवाक्यं, श्वास न सोडता पुढे जाणारी. किशोरीताईंनी त्यात आलापाचं थांबणं आणलं, एका स्वरापाशी रेंगाळून त्याचा भाव शोधणं आणलं. घराण्याचं गाणं ज्यांच्या कानात पक्कं बसलं होतं त्यांना ही मोडतोड वाटली. आईच्या गाण्याशेजारी मुलीचं गाणं ठेवलं तर काय दिसेल, याचं ते प्रामाणिक वर्णन होतं. काकांची पुढची नोंद बारा वर्षांनंतरची आहे. जयपूर हा शब्द तिच्यात येतच नाही. किशोरीताईंनी घेतलेले दुसरे भूप तोवर त्यांनी ऐकले होते आणि ते हा भूप त्यांच्याशेजारी ठेवत होते. तोपर्यंत बाई स्वतःच एक घराणं झाल्या होत्या.

त्यानंतर जे झालं त्याची काकांनी कल्पना केली नसती. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसनं जुन्या-नव्या कलावंतांची मैफलीतली ध्वनिमुद्रणं रसिकांपर्यंत पोहोचवली. पुढे खासगी संग्रहांतल्या टेपा हातोहात फिरू लागल्या आणि आता तर त्या फोनवर ऐकता येतात. जी बैठक नाहीशी झाली म्हणून रेकॉर्ड सिंहासनावर बसली होती, ती बैठक परत आली, खोकल्यांसकट, तबल्याच्या ठोकपिटीसकट, मधेच कोणीतरी दिलेल्या दादेसकट. तास-तासाचे भूप ऐकलेला आजचा चोखंदळ श्रोता पुन्हा म्हणतो की एलपी म्हणजे आटोपशीर, सावध गाणं. शंभर वर्षांपूर्वीच्या जाणत्यानं अब्दुल करीम खाँच्या तबकडीबद्दल हेच म्हटलं असतं. मला हे चक्र वाटत नाही, कारण आजच्या श्रोत्याकडे दोन्ही आहेत आणि तो ते हवं तेव्हा शेजारी ठेवून ऐकू शकतो. अशी सोय आधीच्या कोणत्याच पिढीला नव्हती. वीस-बावीस मिनिटांच्या बाजूत काय बसवायचं आणि काय गाळायचं, हा निर्णयही गाण्याचाच भाग असतो, हे त्या दोन्हींच्या मधे बसल्यावर मला उमगलं. एलपीतला भूप हा छाटलेला मोठा भूप नाही. तेवढ्या वेळासाठी रचलेला तो वेगळा भूप आहे. हे माझं मत, आणि त्याखाली तारीख आहे.

गीतरामायणाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथं रेकॉर्डनं वेगळंच काही केलं. १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार. पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं आणि पुढे वर्षभराहून थोडा अधिक काळ दर आठवड्याला एक अशी छप्पन गीतं गेली. ग. दि. माडगूळकरांचे म्हणजे गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं म्हणजे बाबूजींचं संगीत, आणि सगळ्या उपक्रमामागे सीताकांत लाड. १९५२ साली माहिती आणि नभोवाणी खातं बा. वि. केसकरांकडे आलं आणि रेडिओवरच्या चित्रपटगीतांवर गदा आली. आकाशवाणीला स्वतःचं सुगम संगीत उभं करणं भाग होतं, आणि तो मोकळा कोपरा पुण्यानं असा भरला. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत, ही आठवण आमच्याच नव्हे, पेठेतल्या कितीतरी घरांत आहे.

जाणकारांचं मत त्या हारांइतकं एकमुखी नव्हतं. गदिमा चित्रपटांसाठी लिहिणारे, तेव्हा त्यांना कवी म्हणावं की गीतकार, हा वाद मराठीत दीर्घकाळ चालला. शास्त्रीय संगीतवाल्यांचा आक्षेप वेगळा. इतके राग वापरले आहेत, पण राग कुठं मांडला आहे? दोन्ही आक्षेपांत गीतरामायण शेजारी कशाच्या ठेवलं होतं हे उघड आहे. पहिल्यात नवकवितेच्या, दुसऱ्यात ख्यालाच्या. ज्या प्रकारात ते बसत होतं त्या प्रकाराला समीक्षेत स्वतःची खुर्चीच नव्हती. ती पुढे अशोक दा. रानडे यांनी दिली. लोकसंगीत, कलासंगीत, भक्तिसंगीत, जनसंगीत अशा कोटी वेगळ्या करून त्यांनी सांगितलं की प्रत्येकीचं काम निराळं आहे, तेव्हा एकीची फूटपट्टी दुसरीला लावू नये. हे वाचल्यावर मला गीतरामायणाचा आक्षेपच विरघळल्यासारखा झाला. राग मांडणं हे त्याचं काम नव्हतं. कोणत्या पात्राच्या तोंडी, कोणत्या प्रसंगी कोणता राग येतो हे त्याचं काम होतं, आणि ते बाबूजींनी ज्या सूक्ष्मपणानं केलं आहे त्याला तोड नाही.

पण मघाशी म्हटलेली वेगळी गोष्ट ती ही नव्हे. मूळ प्रक्षेपणात पात्रागणिक आवाज होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके, मालती पांडे. लता मंगेशकरांनीही एक गीत गायलं. पुढे फडक्यांनी एकट्यानं सगळी गीतं गायली, कार्यक्रम केले, रेकॉर्ड निघाल्या, आणि महाराष्ट्राच्या कानात गीतरामायण म्हणजे एक आवाज असं पक्कं झालं. माझ्या पिढीनं तर दुसरं काही ऐकलंच नव्हतं. अनेक आवाजांचं ते संगीतनाट्य एका कथेकऱ्याचं आख्यान झालं. आम्ही चाळीस-पन्नास वर्षं ज्याची स्तुती केली ते त्या आख्यानाचं होतं, आणि ते स्तुतीला पुरेपूर पात्र होतं. आता मूळ आवाजातली गीतं पुन्हा कानावर येऊ लागली आहेत. माणिक वर्मांची सीता ऐकताना मला पहिल्यांदा जाणवलं की बाबूजींच्या गळ्यातून आपण सीतेचं दुःख ऐकत होतो, सीतेला ऐकत नव्हतो. १९५५ साली रेडिओसमोर बसलेल्या आमच्या आजीला हे सांगावं लागलं नसतं. जे मत मला नवं वाटतं आहे ते तिच्यासाठी पहिलं होतं.

कुमार गंधर्वांबद्दल इथं काही लिहीत नाही, पुस्तकात त्यांच्यावर तीन लेख आहेत. भीमसेनांची ‘संतवाणी’, ख्यालगायकानं अभंगांकडे वळावं का ही त्या वेळची कुजबुज, आणि राम फाटकांच्या चालींना उशिरा मिळालेला मान हेही तिथंच येईल.

१९६७ साली एचएमव्हीनं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ काढली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस, अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत. या कल्पनेमागे मराठी माणूस होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ आपल्या गळ्यातून महाराष्ट्रभर नेणारे जी. एन. जोशी तेव्हा एचएमव्हीत होते आणि ही ध्वनिमुद्रिका त्यांनी घडवली. काकांनी १९६८ साली लिहिलं आहे: चित्रपटाचं पार्श्वसंगीत, फक्त चित्रपट नाही. संतूरवर मींड निघत नाही, गिटारीवर राग कसला, हे तेव्हाच्या जाणकारांचं बोलणं त्या एका ओळीत आहे. पुढे तीच वाद्यं मोठमोठ्या मैफलींत एकटी बसू लागली, आणि मग मागे वळून पाहताना ही मुद्रिका त्यांची पहिली पायरी दिसू लागली. गाण्याच्या शेजारून ती वाद्यांच्या इतिहासाशेजारी गेली आणि एकदम मोठी झाली. मला ती आजही सुंदर वाटते, पण महान वाटत नाही. या मतावर मी पुस्तकात एकटा पडलो आहे हे जाणून लिहितो.

त्याच साली तिकडे बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ निघाला. जॉर्ज हॅरिसनची सतार आणि आपल्या संगीताचा ध्यास त्यातही आहे. कौतुकाचा पूर आलेला असताना ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रिचर्ड गोल्डस्टीननं नापसंतीचं परीक्षण लिहिलं आणि त्याच्यावर वाचक तुटून पडले. ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं २००३ साली पाचशे श्रेष्ठ अल्बमांची यादी केली, तिच्यात हा पहिला होता. त्याच मासिकानं २०२० साली नव्यानं कौल घेतला, तेव्हा पहिल्या जागी मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ आला आणि बीटल्सचा हा अल्बम चोविसाव्या जागी गेला. अल्बम तोच, कौल देणारी माणसं बदलली होती. ज्यांच्या तारुण्याशेजारी तो अल्बम उभा होता ती माणसं कमी झाली, आणि ज्यांच्या घरात दुसरी गाणी वाजत होती त्यांना कौल मिळाला. आपल्याकडे अशा याद्या होत नाहीत, म्हणून आपलं बदललेलं मत मोजता येत नाही. ते कव्हरांच्या आत, वहीत, दिवाळी अंकांच्या जुन्या पानांत शोधावं लागतं.

हे शोधताना एक खंत मनात राहिली आणि ती इथं नोंदवून ठेवतो. आपल्याकडे मैफलींवर भरपूर लिहिलं गेलं, गवयांच्या चरित्रांचे तर ढीग आहेत, पण एखादी रेकॉर्ड निघाली त्या महिन्यात तिच्यावर कोणी काय लिहिलं हे सापडणं फार कठीण जातं. रेकॉर्ड ही गाण्याची सावली, तिच्यावर काय लिहायचं, असा समज त्यामागे असावा. त्यामुळे या पुस्तकात पहिल्या मतासाठी मला बरेचदा काकांच्या पेन्सिलीवरच विसंबावं लागलं आहे. ते पेठेतले एक साधे श्रोते होते, समीक्षक नव्हते. वाचकांच्या घरी अशी कव्हरं, वह्या, पत्रं असतील तर ती रद्दीत देण्याआधी एकदा उघडून बघावीत.

लेखांचा क्रम मुद्रिका निघाल्या त्या क्रमानं लावला आहे. पहिला लेख अब्दुल करीम खाँसाहेबांच्या त्या झिंझोटीवर आहे. आमची प्रत पुरातून निघालेली, लेबल नसलेली. दुसऱ्या मिनिटानंतर तिच्यात एक बारीक ठोका येतो, चिखलाचा असेल किंवा चिरेचा. आता ती फोनवर स्वच्छ ऐकायला मिळते. वाचण्याआधी ती ऐकून घ्यावी, तीनच मिनिटं लागतात, आणि काय वाटलं ते कुठंतरी लिहून तारीख टाकावी. मग पान उलटावं.